शंभर टक्क्यांचं पान

साळूमावशीनं अर्जावर सही करायला डाव्या हातानं कागद दाबून धरला आणि मला तिचं बोट दिसलं. कोरं होतं. झेंडूचा पिवळटपणा, सुईच्या जुन्या टोचण्या, नखातली माती, सगळं जिथल्या तिथे होतं. शाई तेवढी नव्हती. मतदान होऊन नऊ दिवस झाले होते आणि त्या नऊ दिवसांत मी जेवढी बोटं पाहिली, म्हणजे चहाचा कप धरलेली, नाकात गेलेली, माझ्यावर रोखलेली, त्या सगळ्यांच्या नखावर ती काळी रेघ होती. मला अंधारात पायरी चुकल्यासारखं झालं. कारण माझ्या पानावर साळूमावशीच्या नावापुढे बरोबरची खूण होती, आणि ती मीच केली होती. मावशी मात्र निवांत सही करत होती. तिची सही म्हणजे 'साळूबाई लहानू' एवढंच. पुढे आडनावाला जागा उरत नाही आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

"नीट लिवलंस ना? दत्ताच्या कुंपणाजवळची जागा म्हणून? बावीस वर्सं बसते मी तिथं."

"लिहिलंय, मावशी."

"आन् पाडव्याच्या आत पायजे, असं लिव्ह. पाडव्याला जागा नसल तर दोन वाफे झेंडू काय मी मपल्या डोक्यात घालू?"

मी लिहिलं. या संपर्क कार्यालयात लोक बोलतील ते लिहून घ्यायचं, मग कॉम्प्युटरवरच्या तक्रारींच्या शीटमध्ये एक ओळ वाढवायची, एवढंच माझं काम आहे. कार्यालय भारतदादांचं. दादा आमच्या प्रभागातून निवडून आलेत आणि काचेच्या पलीकडे बसतात. काचेच्या अलीकडे दीपक बसतो, जो दादांचं सगळं बघतो, आणि त्याच्या शेजारी मी, जो दीपकला दिसतो. ही नोकरी मला शिक्षणामुळे मिळालेली नाही. शिक्षण मला याआधीही होतं आणि तेव्हा मी घरी बसून आईला गुलाबाचे गठ्ठे बांधू लागायचो. नोकरी मिळाली ती शंभर टक्क्यांमुळे. आणि ते शंभर टक्के साळूमावशीच्या त्या कोऱ्या बोटावर उभे होते, हे त्या क्षणी जगात दोघांना माहीत होतं. एक मी, दुसरं ते बोट.

आमचा मळा पूर्वी एकच होता. नाशिकच्या गंगापूर रोडला मागच्या अंगानं लागून, गुलाब, झेंडू, थोडी मेथी-कोथिंबीर, पंचवीस-तीस घरं. मग कधीतरी विकास आराखड्यात त्याच्या मधून एक रस्ता आखला गेला. रस्ता झाला नाही. अठरा वर्षं झाली, त्या रस्त्यावर अजून गुलाबाचे वाफे आहेत आणि एक बंद पडलेली बोअर. पण ज्यांची जमीन रस्त्यात जाणार होती ते लोक एका बाजूला झाले आणि ज्यांच्या जमिनीला रस्त्यामुळे भाव येणार होता ते दुसऱ्या बाजूला. आता इकडची घरं आमची आणि तिकडची त्यांची. नसलेला रस्ता ओलांडून कोणी कोणाकडे हळदीकुंकवाला जात नाही. माझ्या चुलतबहिणीचं, सृष्टीचं, त्या बाजूच्या एका मुलाशी जमलं होतं, तेही रस्त्याच्या रुंदीवरून मोडलं. पंधरा मीटर का अठरा, यावर दोन्ही घरचे भांडले आणि मुलगी तशीच उठून चहाचे कप विसळायला गेली. साळूमावशीचं घर नकाशाप्रमाणे बरोबर रस्त्याच्या मधोमध येतं. म्हणजे नकाशानुसार ती अठरा वर्षं रहदारीत राहते आहे.

मतदार यादीच्या एका पानावर तीस नावं असतात आणि प्रत्येक पानाला एक प्रमुख नेमतात. मी पान सतराचा प्रमुख. आयुष्यात पहिल्यांदाच कशाचा तरी प्रमुख झालो होतो, त्यामुळे आईनं येवल्याच्या मामालासुद्धा फोन करून सांगितलं. काम सोपं होतं. घरोघर जायचं, गप्पा मारायच्या, आणि बाहेर आल्यावर नावावर रंग भरायचा. आपला असेल तर हिरवा, त्यांचा असेल तर लाल, डळमळीत असेल तर पिवळा. मत गुप्त असतं हे मी नागरिकशास्त्रात शिकलो होतो, पण तीन स्केचपेन हातात आल्यावर कळलं की गुप्त काही नसतं, फक्त कोणी रंगवलेलं नसतं. संक्रांतीच्या चार दिवस आधी मी मावशीकडे गेलो तेव्हा ती चुलीपुढे तीळ भाजत होती. तिळाचा तो तडतडणारा वास अजून माझ्या नाकात आहे. इतर सगळ्या गोष्टी मी विसरू शकतो, वास कुठे टाकायचा ते कळत नाही.

"मावशी, या वेळी मत कोणाला?"

"तुमाला देऊ व्हय?" ती मान वर न करता म्हणाली. "मेल्या, तुपल्या दादाला म्हणावं, गटारीवर आधी फरशी टाक, मंग ये मत मागाया. त्या दुसऱ्याला देईन, पन तुमाला नाय."

"मग लाल लावू का तुला?"

"लाव, लाव. लालच लाव. लुगड्यावर शोभून दिसंल."

आणि ती हसली. पुढचे दोन दात नसलेलं, तिळाच्या धुरात डोळे मिटलेलं तिचं हसू. मी तिच्यासमोर ऐटीत लाल पेनाचं टोपण काढलं आणि तिच्या नावावर रंग ओढला, आणि तिनं माझ्या हातावर गरम तीळ ठेवले. आमच्यात हे असंच चालायचं. मी लहान असताना ती मला 'तुला गटारीतून उचलून आणला' म्हणायची आणि मी तिला 'तूच टाकला असशील' म्हणायचो. मला पक्कं माहीत होतं की ती थट्टा करतेय. पण थट्टेला रंग नव्हता. घरी गेल्यावर हिरवा करू असं म्हणालो आणि राहिलं. लाल रंगावरून हिरवा फिरवला की शेणासारखा दिसतो, हेही एक कारण असेल. पुढे मला कळलं की दुसऱ्या बाजूचा पानप्रमुख राकेशही तिच्याकडे जाऊन आला होता आणि त्यालाही तिनं तेच ऐकवलं होतं, फक्त दादाचं नाव बदलून. त्यानंही लाल लावला. राकेशला तर विनोद कळतही नाही. म्हणजे साळूमावशी ही अख्ख्या प्रभागातली एकमेव मतदार होती, जी दोन्ही याद्यांत विरोधक होती.

मतदानाच्या दिवशी गाड्या निघतात. सकाळी हिरव्यांना आणायला, दुपारनंतर पिवळ्यांना. लालांकडे गाडी जात नाही, त्यांना त्यांचे लोक नेतात. आमचं केंद्र या वेळी अडीच किलोमीटर लांबच्या शाळेत गेलं होतं आणि मावशीचे गुडघे तिला घरापासून दत्तमंदिरापर्यंत कसेबसे नेतात. दुपारी एकच्या सुमारास मी जेवणाची पाकिटं घेऊन गाडीवरून जात होतो तेव्हा ती ओट्यावर बसलेली दिसली. माहेरचं, येवल्याचं, वांगी रंगाचं जुनं पैठणी लुगडं नेसली होती. ते ती फक्त लग्नात नेसते. केसात गुलाब होता, आणि हातात मतदानाची चिठ्ठी दोन बोटांत अशी धरलेली, जशी लोक देवळात प्रसादाची पावती धरतात.

"गाडी कवा येते रे?"

"येईल मावशी. पाठवतोच."

मी खरंच पाठवणार होतो. ते वाक्य बोलताना त्यात खोटं काहीच नव्हतं, खोटं ते नंतर झालं. पुण्याहून येणारा एक हिरवा सिन्नरला अडकला होता, एका पिवळ्याला हाताला सलाइन लावलेलं होतं तसंच आणायचं होतं, आणि मी इतका प्रमुख झालो होतो की मला स्वतःचं नावही पानावर वाचून आठवत होतं. पाचला दीपकचा फोन आला.

"पान सतरा?"

"एकोणतीसातले अठ्ठावीस झाले. एक मयत आहे." ते मयत म्हणजे लहानूकाका, साळूमावशीचे मालक, वारून सहा वर्षं झाली, यादीत अजून आहेत. पण नावापुढे 'मयत' लिहिलं की माणूस टक्केवारीतून वजा होतो. मेलेल्यांना ती सोय आहे.

"राहिलेला कोण?"

"साळूबाई. लाल आहेत."

"लाल ना? मग बसू दे घरी. बरंच आहे." मग तो थांबला. "पण यार, एकानं गेलं बघ तुझं. शंभर टक्केवाल्या पानांचा दादांच्या हस्ते सत्कार आहे."

मी फोन ठेवला. शाळेच्या भिंतीवर 'स्वच्छता हीच सेवा' लिहिलेलं होतं, त्याच्याखाली उभा राहून मी पान सतरा मांडीवर घेतलं. बरोबरची खूण करायला किती वेळ लागतो? मी नंतर घड्याळ लावून पाहिलं आहे. एका सेकंदापेक्षा कमी. त्या वेळात मावशीचं ओट्यावरून उठूनसुद्धा होत नाही.

सत्कारात शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि फोटो. फोटोत दादा माझ्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतायत आणि मी नारळाकडे बघतोय. आईनं तो मोबाइलवर लावून ठेवला. दादा प्रभागातून निवडून आले, पण केंद्रवार आकडे आले तेव्हा आमच्या केंद्रावर ते अकरा मतांनी मागे होते. हे त्यांना फार लागलं. जिंकलेल्या माणसाला हरलेलं केंद्र दातात अडकलेल्या मेथीसारखं असतं, जीभ सारखी तिथेच जाते. "हे अकरा कोण?" ते सगळ्यांना विचारायचे. दीपकनं मग जे लाल होते आणि ज्यांच्यापुढे बरोबरची खूण होती त्यांची एक वेगळी यादी छापली. एका पानात मावली. माझ्या पानावरचं एकच नाव तिच्यात होतं.

मळ्यातल्या गटारीवर अठरा वर्षांत फरशी पडली नाही, पण दत्ताच्या कुंपणाजवळ सेल्फी पॉइंट चार दिवसांत झाला. त्यावर 'आपला प्रभाग, आपला अभिमान' अशी दिव्यांची अक्षरं आहेत आणि वर कमान आहे. कमान प्लास्टिकच्या झेंडूची आहे. तिथे चार बायका फुलं विकायला बसायच्या. सुलाबाई, विमलाबाई आणि कलाबाई यांना मंदिराच्या मागच्या भिंतीला ओटे करून दिले, तिघींच्या नावाच्या पाट्यांसकट. चौथी या नऊ दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोर अर्ज घेऊन बसली होती आणि विचारत होती की तिच्या पाटीवर नाव चुकणार तर नाही ना.

मला दोन गोष्टी करता येत होत्या. एक म्हणजे काचेपलीकडे जाऊन सांगायचं, की दादा, हे बोट बघा, या बाईनं तुमच्याविरुद्ध मत दिलेलं नाही, कारण तिनं मतच दिलेलं नाही, कारण मी गाडी पाठवायला विसरलो, आणि लाल रंग ही आमची थट्टा होती. हे सांगून झालं की शाल परत करावी लागली असती. नारळ आम्ही खाल्ला होता. नोकरीचं वाक्य मी मनातही पूर्ण करत नव्हतो, अर्धवट सोडून देत होतो. दुसरी गोष्ट माझ्या ड्रॉवरमध्ये होती. या वेळी मतदानाला शाई बाटलीतली नव्हती, मार्करनंच लावली होती, आणि मार्कर आमच्याकडेही होता, फायलींवर नावं टाकायचा.

"मावशी, बोट दे."

"काहून?"

"दादांनी विचारलं तर सांग, तुम्हालाच दिलं मत. आणि हे दाखव."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तेवढा वेळ मी मार्करच्या टोपणाकडे पाहत राहिलो. मग तिनं बोट पुढे केलं. ते फुलांच्या पाण्यानं गार पडलेलं होतं आणि मला वाटलं त्यापेक्षा कितीतरी हलकं. मी नखाच्या मधून खाली एक रेघ ओढली, केंद्रावरच्या बाईनं माझ्या बोटावर ओढली होती तशीच, किंचित वाकडी. माझं हस्ताक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

दादांनी बोटाकडे पाहिलंच नाही. "आजी," ते हसून म्हणाले, "जो येतो तो म्हणतो, तुम्हालाच दिलं. सगळ्यांनी मलाच दिलं, तर मग ते अकरा कोण, भुतं का? असू दे. या उद्या, बघू."

ती उद्या आली. सकाळी फुलं भिजवून, गजरे ओवून येईपर्यंत रेघ धुऊन गेली होती. मी परत ओढली. दादा नाशिकमध्ये नव्हते, "परवा या." परवा आली. पुढे ते रोजचंच झालं. ती बाकावर बसायची, इकडेतिकडे बघून बोट पुढे करायची, मी ड्रॉवर उघडायचो. एका शब्दाचीही गरज पडत नसे. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, हा मुलगा म्हातारीला रोज औषध लावतो. फेब्रुवारी निघाला. बाकी सगळ्यांची शाई नखाबरोबर वर सरकत चालली होती, माझीही, आणि तिची एकटीची रोज ताजी. हे मला एका दुपारी एकदम दिसलं. त्या दिवसापासून मी रेघ रोज थोडी वर आणि थोडी फिकट काढू लागलो. एका म्हातारीच्या नखावर मी हातानं काळ जाताना दाखवत होतो आणि त्यात वाकबगार झालो होतो. या असल्या कामाची मला गोडीही लागली होती, हे लिहायला नको, पण लागली होती. अर्ज तसाच होता. शीटमधली तिची ओळ पांढरी, म्हणजे प्रलंबित. पेट्रोल पंपाच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला बसून ती फुलं विकते असं आईनं सांगितलं. तिथे गाड्या पेट्रोल भरायला थांबतात, फुलांसाठी कोणी उतरत नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ती टोपली घेऊनच आली. टोपलीत झेंडू शिगोशीग आणि वर ओलं फडकं. बाकावर बसून तिनं बोट पुढे केलं. आदल्या रात्री मी माझी नखं कापली होती; शाईचा शेवटचा काळा चंद्र वर्तमानपत्रावर पडलेला मी पाहिला होता.

"मावशी, आता नको," मी हळू आवाजात म्हणालो. "आता कोणाच्याच बोटाला राहिली नाही. आता लावली तर उलट दिसेल."

"मग इतके दिस काहून लावली?"

मी ड्रॉवर आणखी आत ढकलला.

"मला ठाऊक हे रे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हीच पंचाईत होती. "मत देलेल्याचं बोट कोणी दुसरा रंगवतो व्हय? तू त्या दिवशी माझ्यासमोर लाल लावला. मी म्हनलं, पोरगं थट्टा करतं. मी बी केली. मंग गाडी नाय आली. दिवे लागेपर्यंत बसले मी ओट्यावर. लुगडं बदलावं का नाय ते कळंना." तिनं फडकं सारखं केलं. "तू काय कोणाला सांगू नको. मपलं एवढंच म्हणनं, आज जागा पायजे. उद्या पाडवा हे. तू त्यांच्यातला हाय, तू एक शब्द बोल. आन् लाव आज. आज लाव. मला बी दिसू दे, मत देलं की कसं दिसतं."

मी मार्कर काढला आणि पहिल्या दिवसासारखी, पूर्ण, काळी रेघ ओढली. तेवढ्यात काचेचा दरवाजा उघडला आणि दादा बाहेर आले, मागे दीपक आणि आणखी तीन-चार जण. दादा खुशीत होते. त्यांनी माझ्या हातातला मार्कर पाहिला, मावशीचं ओलं बोट पाहिलं.

"काय रे, पुढच्या निवडणुकीची तयारी आत्तापासून?" सगळे हसले. दादा मावशीसमोर थांबले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थांबले होते. "स्वराज, या आजी तुझ्या पानावरच्या ना? खरं सांग आज. आपल्या का त्यांच्या? आपल्या असतील तर दीपक, आजच्या आज ओटा द्या यांना. बोल."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. झेंडूचा उग्र वास खोलीभर झाला होता आणि त्यातच कुठूनतरी मला तिळाचा वास आला. वाक्य तयार होतं. 'दादा, त्यांनी मत दिलं नाही, चूक माझी आहे.' आठ शब्द. मी ते इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की त्याला चाल लागली होती. 'आपल्या' हा तर एकच शब्द होता, पण तो बोललो असतो तर दीपकनं पान काढून विचारलं असतं, मग लाल का? आणि मग ते आठ शब्द आलेच असते. मी तोंड उघडलं. सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि लोक माझ्या तोंडाकडे बघायला लागले की लहानपणापासून माझं जे होतं तेच झालं.

"दादा," मी म्हणालो, "आजी ना आपल्या, ना त्यांच्या. आजी रस्त्याच्या मधोमध आहेत."

दीपकला नकाशा आठवला आणि तो फुटला. सगळे हसले. दादा तर डोळे पुसेपर्यंत हसले. सगळ्यांत आधी मी हसलो होतो. आणि एक सांगतो, विनोद चांगला होता. अजून आठवला तरी चांगलाच वाटतो.

"मग आजी, रस्ता झाला की बघू," दादा माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले आणि जाताजाता दीपककडे वळले. "किती दिवस पडलंय हे. निकाली काढा रे."

मावशी हसली नाही. तिनं डाव्या हाताचं बोट डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं, जसं नवं जोडवं बघतात. मग टोपली डोक्यावर घेतली. दारात तिला टोपली सावरता येईना म्हणून मी उठायला गेलो, तर म्हणाली, "बस, बस. तुला कामं असत्याल." काचेतून ती समोरच्या सेल्फी पॉइंटपर्यंत दिसली. कमानीखाली दोन कॉलेजच्या मुली फोटो काढत होत्या. मावशी त्यांच्या फोटोत येऊ नये म्हणून थांबली, त्यांचं झाल्यावर पुढे गेली, पेट्रोल पंपाच्या बाजूला.

मी शीट उघडलं. आमच्याकडे तक्रार निकाली निघाली की तिची ओळ रंगवायची पद्धत आहे. मी 'साळूबाई लहानू' शोधलं, शेवटच्या रकान्यात 'निकाली' टाइप केलं, ओळ निवडली आणि तिला हिरवा रंग दिला.